जमनाचा दोरा

सुरतेच्या पोटाच्या डॉक्टरांनी मला निरोप धाडला होता, की येण्याआधी महिनाभर काय खाल्लं आणि पोट कधी दुखलं ते लिहून आणा. आमच्या गल्लीत सातवी शिकलेला मी एकटाच. वही आणली, तीन दिवस लिहिलं आणि सोडून दिलं. कापूस वेचणीला आलेला असताना वही कोण धरणार?

निघायच्या सकाळी माझ्या बायकोने, जमनाने, भाकरीच्या फडक्यावर एक सुती दोरा ठेवला. तिला अक्षर येत नाही. रोजची एक गाठ मारलेली, आणि ज्या दिवशी मी पोट धरून बसलो त्या गाठीत सुक्या मिरचीचा तुकडा अडकवलेला.

"हाऊ दोरा डॉक्टरना हातमा द्या," ती म्हणाली. "तुम्ही लाजशात, दोरा लाजाव नही."

मी चिडून गाठी मोजल्या. मिरच्या आठ-आठ दिवसांनी होत्या, बरोबर नंदुरबारच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी. बाजारात मी तिखट भजी खातो आणि घरी दहीभात खाल्ल्याचं सांगतो. महिनाभर तिने एका शब्दाने विचारलं नव्हतं. सातवी शिकूनही मला हे जमलं नसतं.

कालही बाजार होता. दोऱ्याची शेवटची गाठ आजची होती, आणि तिच्यातही मिरची होती.

"आज तं दुखनंच नही," मी म्हणालो.

तिने बैलगाडीत पाण्याचा तांब्या नीट टेकवून ठेवला.

स्टेशन यायच्या आत दुखलं.