बगळ्याची ढाल

वाल्डाख घराण्याचा काउंट एबरवीन गेला. त्याला मुलगा नव्हता, एक मुलगी होती, लुकार्डिस. वंशातला शेवटचा पुरुष गेला की त्याची ढाल थडग्यापाशी फोडायची, तुकडे आत टाकायचे आणि भालदारानं पुकारायचं, "आज वाल्डाख, पुन्हा कधीच नाही!" अशी तिकडची रीत. ते शब्द उच्चारले की किल्ला, जंगल, गिरणी, सगळं लुकार्डिसच्या आत्याचे यजमान काउंट डीपोल्ड यांच्या घशात जाणार होतं.

आतोबांना दम कुठला! त्यांनी स्वयंपाकीसुद्धा बरोबर आणला होता आणि आपलं निशाण गुंडाळून नोकराच्या काखेत दिलं होतं. ते पाहून लुकार्डिसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाप अंथरुणाला खिळलेला, बाहेर शत्रूचा वेढा, तेव्हा हिवाळाभर तटावर तीच उभी होती. आतोबांना त्या हिवाळ्यात सर्दी झाली होती.

चर्चमध्ये वंश संपल्याची खूण म्हणून काउंटची निळी ढाल उलटी टांगली होती, तिच्यावरचा पांढरा बगळा खाली डोकं वर पाय. म्हातारा भालदार विगांड हातोडा घेऊन पुढे आला आणि रीतीप्रमाणे त्यानं विचारलं, "ही ढाल धरणारं कोणी आहे?" हा प्रश्न नुसता विचारायचा असतो, उत्तर कोणी देत नाही.

"आहे की," लुकार्डिस म्हणाली. तिनं ढाल काढली, सुलटी केली आणि पट्ट्यांत डावा हात घातला. "फोडा आता."

"काय पोरखेळ लावलाय हा?" आतोबा खेकसले. "वहिनी, आवरा लेकीला!"

"मी कशाला आवरू?" तिची आई इर्मेला म्हणाली. "हिच्या बापाला तरी कधी आवरता आलं मला?"

विगांडनं हातोडा खाली घेतला. "हात आत असताना मी मारणार नाही, महाराज."

"मग दे इकडे!" आतोबांनी हातोडा हिसकावला आणि हाणला. ढालीला बगळ्याच्या मानेतून तडा गेला, आणि आतल्या हाताचं हाडही मोडलं. लुकार्डिसच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. पण तिनं हात काढला नाही.

"आता म्हण!" आतोबा ओरडले. "म्हण, पुन्हा कधीच नाही!"

विगांडनं एकदा ढालीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "कसं म्हणू? थडग्यापाशी फोडतात ती मेलेल्याची ढाल. जित्या हातावर फुटते ती लढाईत, आणि वार तर तुम्हीच केलात. लढाईत मी एकच गोष्ट पुकारतो." म्हाताऱ्यानं छाती भरून घेतली. "वाल्डाख उभं आहे!"

मागच्या बाकांवरून गावानं तेच ओरडून सांगितलं. नोकरानं निशाण हळूच झग्यात लपवलं.

थडगं ढालीवाचून बुजवलं गेलं. आतोबा दाराकडे निघाले.

"आतोबा, जेवून जा," लुकार्डिस म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "स्वयंपाकी तुमचाच आहे."

इर्मेलानं डोक्यावरचं काळं वस्त्र पट्टीसाठी फाडलं. "दुखतंय गं?"

"खूप दुखतंय, आई."

"ढाल काढते आधी."

"नको," लेक म्हणाली. "ढालीसकट बांध."