निळी ताडपत्री

माझी चूक एवढीच, की अंगणात निळं काही पसरलेलं दिसलं की आम्ही कोलशेतचे कोळी त्यावर जाळं वाळत घालतो. आजा घालायचा, बाप घालायचा, मीही घातलं. सकाळी खाडीतून आलेलो, डोळ्यांवर झोप.

घरात पाय टाकतोय तोच मेघाली किंचाळली. "बाबा, ती ताडपत्री नाहीये!"

ते माझ्या लेकीचं चित्र होतं. रंग ओला, आणि चार दिवसांनी ठाण्याच्या प्रदर्शनात लागायचं होतं. जाळं उचललं तर निळ्यावर नुसत्या चौकटीच चौकटी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायको आवडा म्हणाली, "जल्माचा आंधला!" मेघाली मात्र चित्राभोवती फिरली, एका जागी बसून काहीतरी निरखत राहिली. मग सगळं पुसून तिने नवा निळा रंग दिला.

"बाबा, आता परत टाका. जरा डावीकडे."

टाकलं. तिला पटलं नाही. असं अकरा वेळा टाकलं, अकरा वेळा तिने पुसलं. माझं डोकं फिरलं. "अगं, एवढ्यात होडी भरली असती माझी!" बाराव्यांदा जाळं उचललं तशी ती ओरडली, "आता हात लावू नका!"

प्रदर्शनात एक चष्मेवाले साहेब जाळ्याची हकीगत ऐकून हसले, मेघालीला म्हणाले, "म्हणजे योगायोगच की! यात तुमचं काय?"

मेघालीची मान खाली गेली आणि माझं टाळकं सटकलं. "साहेब, एकदा चुकून पडलं. नंतर बारा वेळा मुद्दाम. जाळ्यात काय यावं ते खाडीच्या हातात, पण ठेवायचं काय, सोडायचं काय, ते आमच्या. बोला, हेच का ठेवलं तिने?"

साहेब चित्राजवळ सरकले. खरं सांगायचं तर मलाही ठाऊक नव्हतं.

मेघालीने चित्राच्या मधोमध बोट दाखवलं. तिथे चौकटी बारीक होत्या, गाठी जाड. शिमग्यात जाळं फाटलं तेव्हा दोन दुपारी बसून मी विणलेला तुकडा.

"हा बरोबर मध्ये यायला हवा होता," ती साहेबांना म्हणाली. "या गाठी माझ्या बाबांच्या आहेत."

साहेब चष्मा पुसून पुन्हा बघायला लागले. त्यांना नीट दिसावं म्हणून मी बाजूला झालो, पण छाती काढूनच.