मेंढ्या गेल्यानंतरची राख

तीन हजार वर्षांपूर्वीच्या मेंढवाड्यात माणसं हिवाळाभर राहत होती की नुसती येऊन-जाऊन, हे मातीवरून ओळखायचं, तर आधी उत्तर माहीत असलेली माती उकरून बघावी लागते. म्हणून उत्खनन करणाऱ्या बुरुलचाने डोंगरातला आपल्या बापाचाच ओस पडलेला मेंढवाडा पुढे केला.

"स्वतःच्या घरचा उकिरडा उकरणारी तूच ग बाई!" खड्ड्यातून तिची सोबतीण जिबेक हसली.

खड्ड्याची भिंत सरळ तासली की सगळं दिसतं. तुडवलेल्या लेंड्यांचा काळा थर म्हणजे हिवाळा. वरची फिकट धूळ म्हणजे उन्हाळा, कळप कुरणात गेलेला. कडेला राख. राखेवर कुणाचा पाय पडू नये म्हणून बाबा ती कायम त्याच खडकामागे टाकत. सगळ्यात वरचा थर तर बुरुलचाला न बघताच ठाऊक होता: बाबांचे गुडघे गेले, मेंढ्या विकल्या आणि त्याच वर्षी ते खाली गावात तिच्या थोरल्या भावाकडे राहायला गेले. मेदेरदादाने फोनवर शपथ घेऊन सांगितलं होतं. त्या शब्दावर ती परदेशात निवांत झोपली. गेल्या वर्षी बाबा गेले, तेव्हा मातीलाही आली नाही.

"बुरुल, इकडे ये." जिबेकचं हसू थांबलं होतं. "लेंड्या इथे संपल्या. राख नाही संपत. राख, धूळ, परत राख. मेंढ्या गेल्यावरही दोन हिवाळे इथे चूल पेटलीय. थर बघ केवढासा. एकट्या माणसाची चूल."

"असेल कुणी वाटसरू."

"वाटसरू कशाला मरायला राख खडकामागे नेऊन टाकेल?"

बुरुलचा धापा टाकत कड्यावर गेली. फोन तिथेच लागायचा.

"दादा, खरं सांग. बाबा तुझ्याकडे होते ना?"

"आणलं होतं ग. दोनदा आणलं, दोनदा पळून वर गेले. म्हणायचे, बुरुल आली तर आधी वाड्यावरच येईल. धूर दिसला नाही तर पोरगी परत फिरेल. तुला कळवू नको म्हणाले, उगाच जिवाला घोर."

ती तिथेच बसली आणि ओक्साबोक्शी रडली.

संध्याकाळी जिबेक गावात उतरली. बुरुलचा मागे राहिली. तिने जुन्या चुलीत सुकी झुडपं कोंबली, पेटवली आणि बाहेर येऊन बघितलं. धूर सरळ वर चढत होता.

"मी आले हो, बाबा," ती म्हणाली.

दरीत कुणी नव्हतं.