मॅलकीच्या आजोबांची कबर

किलमोरनच्या जुन्या दफनभूमीत मॅलकी हॅनाफिनच्या आजोबांच्या कबरीइतकी झकास कबर दुसरी नव्हती. दगड घासूनपुसून लख्ख, फुलं टवटवीत. दर रविवारी चर्चमधली प्रार्थना आटोपली की मॅलकी तिथे गुडघे टेकायचा आणि आजोबांना गावाची खबरबात द्यायचा. त्यातली निम्मी म्हणजे शेजारच्या ब्रीडा टूहीची निंदा. कुरणाच्या फाटकावरून हॅनाफिन आणि टूहींचं बोलणं बंद होऊन जमाना लोटला होता, पण मॅलकीने ते भांडण लोणच्यासारखं मुरवत ठेवलं होतं.

मग गावच्या इतिहास मंडळाला कबरींवरची नावं उतरवून घ्यायची हुक्की आली. मंडळ म्हणजे निवृत्त शिक्षिका कॉन्सेप्टाबाई आणि त्यांचा आरसा. झिजलेल्या दगडावर आरशाने तिरकं ऊन पाडलं की बुजलेली अक्षरं उठून दिसतात.

"मॅलकी, इकडे ये. वाच हे," बाई म्हणाल्या. शाळेत त्याचं गणित चुकलं की याच सुरात बोलवायच्या.

मॅलकीने वाचलं. टोपी काढली, परत घातली, परत वाचलं.

"टूही," तो कसाबसा म्हणाला. "बाई, आरसा फसवतोय."

"आरसा नाही रे. तुझ्या वडिलांनी नेमकं काय सांगितलं होतं?"

"यूच्या झाडापासून तिसरी."

"कुठल्या बाजूने?"

तेवढं सांगायचं वडिलांकडून राहून गेलं होतं. झाडाच्या पलीकडेही तिसरी कबर होती, फक्त दिसत नव्हती. उपटलेलं तण आणि सुकलेली फुलं मॅलकी इतकी वर्षं तिथेच तर फेकत आला होता. त्या ढिगावर काटेरी झुडपं माजली होती. मॅलकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यात येत्या रविवारी कबरींना आशीर्वाद द्यायचा दिवस. प्रत्येक घर आपल्या कबरीपाशी उभं राहतं, फादर पवित्र पाणी शिंपडत फिरतात आणि कोण कुठे उभं आहे ते गाव डोळ्यांत तेल घालून बघतं. टूहींच्या दगडापाशी उभं राहावं तर नाक कापलं जाणार. काट्यांत उभं राहावं तर सख्ख्या आजोबांवर कचरा टाकला हे जगजाहीर होणार.

रविवारी तो कोयता घेऊन लवकरच आला. पण लख्ख दगडापाशी ब्रीडा आधीच हजर होती. बाईंच्या पोटात काही राहिलं नव्हतं.

"फुलं छान आहेत," ती म्हणाली. "आम्हाला आजोबा सापडतच नव्हते. आई शोधता शोधताच गेली." मग तिने विचारलं, "त्यांच्याशी बोलायचास म्हणे. काय बोलायचास?"

"तुझ्याबद्दलच. चांगलं नाही."

"काय काय?"

"फाटकापासून सगळं. तुझ्या लेकीचं लग्न, तुझी गाय दलदलीत रुतली ते. तू घसरून हात मोडून घेतलास ना, तेव्हा 'बरं झालं' म्हणालो होतो."

ब्रीडा खो-खो हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "मेल्या, म्हणजे त्यांना माझं सगळं कळत होतं की!"

मॅलकीला तिच्यावर चिडायचं होतं, जमेना. फादर पाणी घेऊन बाहेर पडलेले दिसले, तसा तो मान खाली घालून झुडपांकडे वळला.

"कुठे निघालास? इथेच थांब. त्यांना तुझी सवय आहे."

"आणि माझे आजोबा?"

ब्रीडाने झगा सावरला आणि सरळ काट्यांत शिरली.

"त्यांच्यापाशी मी थांबते," ती तिथून ओरडली. "तुझ्याबद्दल पुष्कळ सांगायचंय मला!"