चार हात उजवीकडे

मी पेंटर आहे. रंगारी नव्हे. रंगारी भिंती रंगवतो, पेंटर अक्षरं काढतो, आणि ज्याला हा फरक कळत नाही त्याच्याशी मी फारसं बोलत नाही. आमच्या आळीतल्या झाडून सगळ्या पाट्या माझ्या हातच्या. त्यामुळे बुलेट ट्रेनच्या ऑफिसला भिंतींवर लाल फुल्या काढायला माणूस हवा होता, तेव्हा ते माझ्याकडेच आले. दुसरीकडे जाणार कुठे?

काम सोपं होतं. साहेब तीन पायांच्या घोडीवरच्या दुर्बिणीतून बघणार, त्यांचा कारकून भिंतीवर खडूने ठिपका देणार, आणि त्या ठिपक्यावर मी तांबड्या ऑइलपेंटने वीतभर फुली काढणार. आळीने साहेबांचं नाव पहिल्याच दिवशी ‘दुर्बीण’ ठेवलं. बिचाऱ्यांना इतकी सवय लागली होती की चहासुद्धा एक डोळा मिटून प्यायचे.

आमच्या आळीला घरं एकाच अंगाला आहेत, समोर नाला. पहिलं येतं रद्दीचं बंद पडलेलं गोदाम. त्याला लागून माझ्या ताईचं घर. त्याला लागून माझं दुकान, आणि वर पोटमाळ्यावर माझी गादी. मग पुढे बाकीची आळी. ताईच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत इस्त्रीचं टेबल आणि गिऱ्हाइकांची गाठोडी, मागे स्वयंपाकघर. भावजी गेले त्याच्या पंधराव्या दिवशी तिने इस्त्री हातात धरली ती आजतागायत. त्याच घरात तिने मला लहानाचा मोठा केला आणि अजूनही दोन वेळा जेवायला घालते. बोलते मात्र अशी, की त्यापेक्षा इस्त्रीचा चटका परवडला.

गाडी आळीला आडवी जायची होती आणि गोदामातून जायची होती. गोदामात उंदरांखेरीज कोणी राहत नव्हतं, म्हणून सगळे खूश होते. ठिपका पडला गोदामाच्या भिंतीवर, पण नेमका सांडपाण्याच्या पाइपाला चिकटून. भिंतीला पोपडे आलेले. तिथे काढली असती तर अर्धी फुली भिंतीवर आणि अर्धी पाइपावर आली असती. मी ब्रश बुडवून उभा राहिलो. हातच उचलेना.

ताई दारात आली. “काय रे, पुतळा झाला का तुझा?”

“इथे घाण दिसेल गं.”

“मग कशाला काढतोस तिथे? इकडे काढ. माझी भिंत चांगली आहे.”

चांगली म्हणजे काय! मागच्या वर्षी मीच तिला हस्तिदंती रंग दिला होता. बहिणीची भिंत म्हणून. एरवी मी भिंतींना हात लावत नाही. दार आणि खिडकी यांच्या मधे छान मोकळी जागा होती, ठिपक्यापासून मोजून चार हात उजवीकडे. मी दोरी धरून मध्य काढला, फुली काढली, फुलीला बारीक काळी सावली दिली. मग आम्ही दोघं नाल्याच्या कठड्याला टेकून पाच मिनिटं नुसते बघत राहिलो. खरं सांगतो, त्या आळीत तेवढी देखणी वस्तू दुसरी नव्हती.

आता तुम्ही कपाळाला हात लावाल. लावा. मला वाटलं, खूण म्हणजे खूण. फुलीचा आणि घराचा संबंध काय?

तीन महिन्यांनी ताईच्या नावाने नोटीस आली. लोहमार्ग फुलीवरून जाईल, फुलीच्या मागे जे काही असेल ते तीस दिवसांत हलवावे. फुलीच्या मागे इस्त्रीचं टेबल होतं. ताईने नोटीस दोनदा वाचली, घडी घातली, घडीवरून सवयीने इस्त्री फिरवली आणि म्हणाली, “जा. तूच काढलीस, तूच निस्तर.”

मी ऑफिसात गेलो. दुर्बीणसाहेबांना सगळं खरं सांगितलं. ठिपका तिकडे होता, फुली इकडे झाली, चूक माझी. मी कधी कोणापुढे चूक कबूल करत नाही, त्या दिवशी केली.

साहेब एक डोळा मिटून ऐकत होते. “ठिपका कुठे आहे?”

“पुसला गेला.”

“आणि फुली?”

“आहे की.”

“झालं तर मग. जे दिसतं ते मोजायचं, असा नियम आहे. आणि नकाशा वर गेला आता. त्यावर अकरा सह्या आहेत.”

“पण साहेब, ही गाडी ताशी तीनशेने पळणार. ती माझ्या ताईच्या दारात वळणार कशी?”

“वळणार कशाला? फुली सरकली, तशी आम्ही सगळी रेघच चार हात सरकवली. दोन्हीकडे दीडशे-दीडशे किलोमीटर. एक पूल सरकवला. बोगदा अर्धा खणून झाला होता, तो बुजवून शेजारी नवा घेतला.” ते माझ्याकडे जरा रागाने बघू लागले. “केवढा त्रास झाला माहीत आहे?”

“अहो, मग परत सरकवा ना!”

“डोंगर दोनदा पोखरायचा? काहीतरीच काय बोलता! त्यापेक्षा घर सरकवा.”

मी म्हटलं, जाऊन फुली पुसतो. त्यावर त्यांनी एक परिपत्रक काढून दाखवलं. फुली पुसणं हा गुन्हा. फुली फिकट होऊ देणं हाही गुन्हा. आणि फुली ताजी ठेवायचं काम मूळ पेंटरकडे, म्हणजे माझ्याकडे. दर सोमवारी एक हात. गेलो होतो फुली घालवायला आणि परत आलो ती जपायचं काम घेऊन. सोमवारी मी ताईच्या दारात ब्रश घेऊन उभा राहिलो तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती आतून म्हणाली, “सावलीपण नीट दे. अर्धवट काम करू नकोस.” मला रडूच आलं. टर्पेंटाइन डोळ्यांत गेलं असं सांगून वेळ मारून नेली.

मग विरोध समिती निघाली. अध्यक्ष मास्तर. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण अजून कोणीही दिसलं की आधी हजेरी घेतल्यासारखे बघतात. मास्तर कठड्यावर चढले आणि म्हणाले, “आज ताईचं घर गेलं, उद्या आपलं जाईल. ताईचं घर ते आळीचं घर!” टाळ्यांचा कडकडाट झाला. ताईला भरून आलं. तिने त्या दिवशी सगळ्या आळीचे कपडे फुकट इस्त्री केले.

अक्कल लढवली ती मास्तरांनीच. म्हणाले, “एक फुली आहे म्हणून ती सापडते. पन्नास असल्या तर? पुसायला बंदी आहे, काढायला कुठे आहे?”

परिपत्रक उलटंपालटं करून पाहिलं. खरंच नव्हती.

ऑफिसची जेवणाची सुट्टी एक ते तीन. त्या दोन तासांत, भर उन्हात, सगळी आळी फुल्या काढायला बाहेर पडली. माझे सगळे ब्रश गेले, डबे गेले. ज्यांना रंग मिळाला नाही त्यांनी नेलपॉलिश घेतलं, विटेचा तुकडा घेतला. दारांवर फुल्या, पाण्याच्या टाकीवर फुली, शिंप्याच्या बाकावर फुली. मी वेड्यासारखा ‘अहो तिरकी चालली, अहो ओघळ आला’ करत धावत होतो आणि कोणी ढुंकून बघत नव्हतं. माझ्या दुकानाच्या शटरवर ताईने स्वतः काढली. इतकी भयंकर की मी तिच्याकडे पाठ करून उभा राहिलो.

तीन वाजता साहेब आले. एक डोळा मिटून त्यांनी आळी बघितली, मग दुसरा मिटून बघितली, मग दोन्ही मिटले. कारकुनाने मोजल्या. त्रेचाळीस. प्रत्येकीला क्रमांक देऊन यादी केली आणि खाली शिक्का मारला.

त्या यादीवरून वरच्या ऑफिसने नवा नकाशा काढून पाठवला. मी पाहिला तो. गाडी आळीत शिरायची आणि त्रेचाळीस फुल्यांना शिवत, टाकीला वळसा घालून, शिंप्याचा बाक ओलांडून बाहेर पडायची. प्रवाशांना दोनदा उतरून ढकलावी लागेल अशी तळटीपही होती. मास्तर म्हणाले, जिंकलो. आम्ही चहा केला.

चहा संपतो न संपतो तो पत्र. मूळ फुली ज्याने काढली त्याने ती सोमवारी सकाळी अकरा वाजता जागेवर ओळखून द्यावी, तो सांगेल ती कायम, बाकी रद्द.

म्हणजे माझ्या एका बोटावर आलं सगळं.

मला आधी आनंदच झाला. दाखवतो गोदाम आणि मोकळा होतो! धावत गोदामापाशी गेलो. भिंत कोरी. त्रेचाळीस फुल्यांमधे एकही गोदामावर नव्हती. जो तो आपलं घर वाचवायला आपल्या घरावर फुली काढत होता. ज्याचं कोणी नाही त्या गोदामाकडे जायला कोणाला सुचलंच नाही. मला तरी कुठे सुचलं? आणि आता यादीवर शिक्का बसला होता.

त्या आठवड्यात आळी माझ्याशी काय गोड वागली म्हणून सांगू! ज्यांनी वर्षानुवर्षं कधी ‘बरा आहेस का’ विचारलं नव्हतं ते शटर वर व्हायच्या आत हजर. शिंप्याने शर्टाचं माप घेतलं. मास्तर स्वतः आले, माझ्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, “हे बघ, तत्त्वाचा प्रश्न आहे. खोटं बोलणं मला पटत नाही. जी खरी आहे तीच दाखव.”

“मास्तर, खरी ताईच्या भिंतीवर आहे. आणि ताईचं घर म्हणजे आळीचं घर, तुम्हीच म्हणालात.”

“ते भाषणात,” मास्तर म्हणाले.

ताईने मात्र रोजच्यासारखं ताट वाढलं. मी जेवता जेवता त्या खोलीकडे बघत होतो. टेबलाखाली मी अभ्यास करायचो ती जागा, इस्त्री ठेवून ठेवून काळी पडलेली फरशी. ह्या बाईने माझ्यासाठी काय केलं नाही? आणि मी काय केलं, तर तिच्या भिंतीवर फुली. मनाशी पक्कं ठरलं तेव्हा आणखी एक भाकरी मागून घेतली.

सोमवारी अकराला सगळी आळी रस्त्यावर. साहेब, कारकून, यादी. मी कोणाकडे न बघता चालत माझ्या दुकानाशी गेलो आणि शटरवर हात ठेवला. “ही. ही माझी.”

आळीने सुटकेचा निःश्वास टाकला तो मला ऐकू आला. कारकून लिहू लागला.

“ए!” ताई गर्दी कापत आली. हातात इस्त्रीची वायर तशीच. “खोटं बोलतोय तो! ही मी काढलेली आहे. नेलपॉलिशने. बघा, ओघळ बघा! माझ्या भावाच्या हातचा असा ओघळ असेल का?”

“ताई, गप्प बस.”

“तू गप्प बस! दुकान गेलं तर खाशील काय, झोपशील कुठे? साहेब, खरी माझ्या भिंतीवर आहे. सावलीवाली. मीच काढून घेतली त्याच्याकडून. घर माझं, मी सांगते ना!”

“साहेब, तिचं ऐकू नका. ती मोठी बहीण आहे, तिला उगाच मधे पडायची सवय आहे.”

“आणि हा नाला ओलांडायला अजून घाबरतो! ह्याचं काय ऐकता?”

आम्ही भर रस्त्यात भांडत होतो, तू का मी म्हणून. ती माझा दंड धरून मला शटरपासून ओढत होती आणि मी शटरची कडी सोडत नव्हतो. साहेबांनी हात वर केला. त्यांचे दोन्ही डोळे उघडे होते. इतक्या महिन्यांत मी ते पहिल्यांदाच पाहिले.

“भांडू नका,” ते म्हणाले. “दोन्ही घेतो.”

“दोन्ही म्हणजे?”

“ही गाडी जाणार कुठून एवढंच ठरलं होतं. येणार कुठून, ते तीन वर्षं अडून होतं. कोणी जागाच देईना. ताईंच्या घरातून जाणारी आणि तुमच्या दुकानातून येणारी, अगदी शेजारी-शेजारी. आणि दोघं स्वतःहून, सगळ्यांसमोर!” त्यांनी माझा हात हातात घेतला. “अशी माणसं राहिली नाहीत हो आता.”

कारकुनाने बाकीच्या एकेचाळीस फुल्यांवर काट मारली आणि आम्हा दोघांना नव्याने तीस दिवसांची मुदत लिहून दिली. मग मागून कोणीतरी टाळी वाजवली आणि बघता बघता सगळेच वाजवू लागले. मास्तर कठड्यावर चढले आणि म्हणाले की आळीचा विजय झालेला आहे, समितीचं काम संपलेलं आहे. बाया आपापल्या दारांवरच्या फुल्या रॉकेलच्या फडक्याने पुसायला लागल्या. गोदाम तसंच उभं होतं, त्याला कोणी विचारलंसुद्धा नाही.

साडेबारापर्यंत रस्ता रिकामा झाला. मी ताईच्या पायरीवर बसलो. मला तिचा भयंकर राग आला होता आणि तिच्या गळ्यात पडून रडावंसं वाटत होतं. “तुला कोणी सांगितलं होतं मधे बोलायला? एक तरी राहिलं असतं.”

“आणि तुला कोणी सांगितलं होतं?” ती म्हणाली. मग माझ्या डोक्यावर एक टपली मारली आणि हात तिथेच ठेवला. बराच वेळ ठेवला. “चल, ऊठ. तीस दिवस म्हणजे काही फार नाहीत. आधी कोणाचं आवरायचं?”

“तुझं.”

“काही नको. तुझे डबे जड आहेत. आधी तुझं.”

“मी सांगतो ना, आधी तुझं.”

ती कमरेला पदर खोचून माझ्या दुकानाच्या शटरकडे निघालीसुद्धा.