बंद पाकिटातलं वजन

मोजमापाचं उत्तर शून्य आलं, तर रोसविथा क्रेमझरच्या पदरात बरंच काही पडणार होतं. ग्रात्सच्या त्या संस्थेच्या तळघरात काढलेली नऊ वर्षं सार्थकी लागणार होती. ‘बघू, बघू’ करत दोन वर्षं लोंबकळलेलं प्रयोगशाळेचं प्रमुखपद कायम होणार होतं. शिवाय तिसऱ्या मजल्यावरच्या आन्सेल्म थालरचं तोंड उतरलेलं बघायला मिळणार होतं. ही शेवटची बाब ती कुणाकडे बोलली नसती, पण मनातल्या हिशेबाला बसली की सुरुवात मात्र तिथूनच करायची.

आन्सेल्म तिचा वर्गमित्र. कॉलेजात असताना एकदा कँटीनमध्ये रोसविथाने स्कर्टची टाचणी काढून टेबलावर ठेवली आणि बोटाएवढ्या लोहचुंबकाने ती उचलून दाखवली. म्हणाली, “बघ, खालून अख्खी पृथ्वी ओढतेय आणि हा चिमुरडा जिंकतोय. गुरुत्वाकर्षण इतकं लेचंपेचं का?” आन्सेल्मला त्या वेळी उत्तर सुचलं नाही. पंधरा वर्षांनी सुचलं, आणि त्यावर त्याला प्राध्यापकी, बक्षिसं आणि जगभरातली आमंत्रणं मिळाली. प्रत्येक व्याख्यानाची सुरुवात तो टाचणी आणि लोहचुंबकानेच करायचा. टाचणी कुणाची होती, हे सांगायला मात्र वेळ पुरत नसे.

उत्तर मात्र देखणं होतं. जग म्हणजे सफरचंदाचा स्ट्रूडल, पातळ पापुद्र्यांची गोड गुंडाळी, तो म्हणायचा. आपण, उजेड, वीज, चुंबक, सगळे पापुद्र्याच्या एकाच पदराला चिकटलेलो. गुरुत्वाकर्षण म्हणजे दालचिनीचा वास. तो आपल्या तीन मितींच्या पदरात मावत नाही, दुसऱ्या मितींच्या पदरांतही पसरतो, म्हणून आपल्या वाट्याला थोडासाच येतो. पण दोन वस्तू अगदी जवळ आणल्या, केसाच्या निम्म्या जाडीइतक्या जवळ, तर वास पसरण्याआधीच पकडता येईल. तिथे ओढ जास्त भरेल.

तिथे मोजणारी रोसविथा. कोळ्याच्या धाग्यासारख्या तारेवर टांगलेली एक पट्टी, तिच्याखाली फिरणारी भोकं पाडलेली प्लॅटिनमची चकती, मधे ताणलेला पातळ पत्रा. चकती पट्टीला किती ओढते ते मोजायचं. ओढ जुन्या नियमाप्रमाणेच भरली, म्हणजे जास्तीची ओढ शून्य, तर आन्सेल्मच्या स्ट्रूडलला निदान त्या जाडीचे तरी पदर नाहीत.

नियम रोसविथाने स्वतःच घालून दिला होता. मोजणाऱ्याला हवं ते दिसतं, म्हणून चकतीचं खरं वजन मोजणाऱ्याला कळू द्यायचं नाही. वजन ठाऊक नाही, तर ओढ किती यायला हवी तेही ठाऊक नाही. ती चकती घडवणारे संस्थेच्या कारखान्याचे मिस्त्री पिख्लर यांनी वजन लिहून पाकीट बंद केलं आणि स्वतःच्या कपाटात ठेवलं. यंत्रातल्या सगळ्या दुरुस्त्या पाकीट उघडण्याआधी लिहून मोकळं व्हायचं. उघडल्यावर एका आकड्यालाही हात लावायचा नाही.

फेब्रुवारीत आन्सेल्मला व्हिएन्नात मोठा मान मिळाला. बातमीत टाचणीचा फोटो होता. त्याच आठवड्यात रोसविथा कसल्याशा स्क्रूंसाठी कोठीत गेली आणि धातूंच्या देण्याघेण्याची वही तिच्यासमोर उघडी पडलेली दिसली. पिख्लरना दिलेलं प्लॅटिनम इतकं, कापून उरलेलं परत आलं इतकं. वजाबाकी करायला काय लागतं? तिने केली नाही. फक्त दोन्ही आकडे वाचले. पण वजाबाकीच्या बाबतीत अशा बाईच्या डोक्याला परवानगी लागत नाही.

त्या वजनाने हिशेब मांडला तर ओढ कमीच भरत होती. जास्त नाही, शून्यही नाही, कमी. म्हणजे लोक म्हणणार, क्रेमझरबाईंचं यंत्र गळतंय. थालरसाहेब सुटले. ती आठवडाभर यंत्रात गळती शोधत बसली, आणि शोधणाऱ्याला सापडते. मधला पत्रा किंचित फुगत असावा. तो किती फुगतो याबद्दल दोन मतं होती, तिने मोठं मत घेतलं. तेवढी ओढ वाढवून लिहिली. शून्य झालं. दुरुस्ती खोटी नव्हती, असं तिने स्वतःला तीनदा सांगितलं. खऱ्या गोष्टीला एकदा पुरतं.

पाकीट उघडायच्या दिवशी आन्सेल्मसह सगळे तळघरात जमले. रिवाजाप्रमाणे पिख्लर मिस्त्री कोट घालून आले, कात्रीने कड कापली आणि वजन वाचलं. रोसविथाच्या वजाबाकीपेक्षा ते चांगलंच कमी होतं. पडद्यावर रेघ उमटली ती शून्याच्या वर, बरोबर आन्सेल्मने आठ वर्षांपूर्वी काढलेल्या वक्ररेषेवर.

मग आन्सेल्म उठला आणि सगळ्यांदेखत त्याने तिला मिठी मारली. त्याचे डोळे भरले होते. “रोसी, हे तुझं आहे,” तो म्हणाला. “लेखावर तुझं नाव आधी टाकायचं, माझं शेवटी. आणि ती टाचणी तुझीच होती, हे मी आता सगळीकडे सांगणार.”

तिने हसून मान डोलावली आणि जिन्याकडे चालती झाली. इतकी वर्षं हवं होतं ते त्याने हातावर ठेवलं होतं, तेही वाढल्यासारखं, यजमानाने पाहुण्याला वाढावं तसं. त्याने चोरी केली असती तर तिला परवडलं असतं.

कारखान्यात पिख्लर कोट काढून ठेवत होते. चकती घडवताना उरलेलं सगळं प्लॅटिनम कोठीत जातं ना, असं तिने शक्य तितक्या सहज विचारलं.

“तुकडे जातात, डॉक्टरबाई. कीस कुठे जातो? तो झाडून या बरणीत टाकतो. नाताळात बरणी एकदम तोलायची आणि मग वहीत मांडायची. वडिलांपासून चालत आलंय.” मग त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. “का हो?”

बरणी तळहाताएवढी होती आणि उचलायला दगडासारखी जड. रोसविथाने मनात पुन्हा हिशेब मांडला. फुगलेल्या पत्र्याची दुरुस्ती काढून टाकली, तर खऱ्या वजनाने उत्तर चोख शून्य येत होतं. ते आधीपासूनच शून्य होतं. आन्सेल्मचा विजय तिने स्वतःच्या हाताने शिवून त्याच्या अंगावर चढवला होता.

गप्प बसली असती तर काय? निदान काही वर्षं तिचं नाव पहिलं राहिलं असतं, प्रमुखपद तर दुसऱ्याच दिवशी मिळालं असतं. दोन दिवस तिने हा सौदा उलटसुलट करून पाहिला. पण प्रत्येक वेळी आन्सेल्म व्यासपीठावर दिसायचा, हातात टाचणी, तोंडी तिचं नाव, आणि सभागृह त्याच्या मोठेपणाला टाळ्या देतंय. गुरुवारी ती संचालकांच्या खोलीत गेली, आन्सेल्मलाही बोलावून घेतलं, आणि कोठीतल्या वहीपासून सगळं सांगितलं.

“तू गप्प बसली असतीस तर मला कधीच कळलं नसतं,” आन्सेल्म म्हणाला.

“म्हणूनच गप्प बसवलं नाही,” ती म्हणाली.

संस्थेत लोक तिच्या प्रामाणिकपणाबद्दल हळू आवाजात बोलत. तिने ते खोडून काढलं नाही. एवढी एकच मिळकत हाताशी उरली होती.

आता कुणी काय किंमत भरली ते पाहू. आन्सेल्मने पंधरा दिवस भरले. तेवढ्यात त्याने पदर आणखी पातळ करून नवा लेख लिहिला, आणि त्या जाडीपर्यंत पोचणारं यंत्र अजून कुणाकडे नाही. रोसविथाने प्रमुखपद भरलं, आणि नऊ वर्षंही. शून्य खरं होतं, पण डोकावून पाहिलेलं शून्य कुणी छापत नाही. मोजणी पुन्हा पहिल्यापासून, दुसऱ्याच्या हाताखाली. नव्या नियमाप्रमाणे पाकीट आता बाहेरगावची दोन माणसं सांभाळतात, आणि चकती तोलताना मिस्त्रींनी खोलीबाहेर उभं राहायचं असतं. पिख्लरनी कुणाला काहीच सांगितलं नव्हतं. कपाटाची किल्ली मागितली तेव्हा त्यांनी ती जुडग्यातून सोडवून दिली, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदाच पावती मागितली.