‘र’ची पाचर

पाळणाघरातल्या अठ्ठावीस खुर्च्यांपैकी एकही आता डुगडुगत नव्हती, आणि सुतारकाकांना त्याचीच धास्ती वाटत होती. काम संपलं की हातात नारळ. घरी घड्याळाशिवाय बोलणारं कोणी नाही. इथे पोरं ‘ठोकठोक आजोबा’ म्हणत पाठीवर चढायची. कायम ठेवून घ्या, असा अर्ज त्यांनी केला होता.

“काका, आत या,” पाळणाघराच्या ताईंनी हाक मारली. “तुमच्या अर्जावर हेडक्लार्क आजोबांची चिठ्ठी आलीय.”

हेडक्लार्क जन्मनोंदणी कचेरीतून निवृत्त होऊन पाळणाघराच्या समितीवर आलेले. त्यांना अख्ख्या गावाची जन्मतारीख पाठ होती, बायकोची सोडून.

ताईंनी वाचलं, “‘अर्जदार लेकावळे आहेत, याची नोंद घ्यावी.’”

हा शब्द काकांनी शेवटचा ऐकला तेव्हा ते सात वर्षांचे होते.

“लेकुरवाळे म्हणायचं असेल,” ताई म्हणाल्या. “पोरं सतत अंगाखांद्यावर असतात ना तुमच्या! वय झालं आजोबांचं, अक्षरं खातात.” त्यांनी लाल पेनाने चूक दुरुस्त केली.

काकांनी तोंडाला कुलूप लावलं. साठ वर्षांत पहिल्यांदाच कुणाचं अशुद्धलेखन त्यांच्या बाजूने उभं राहिलं होतं.

तेवढ्यात काठी टेकत खुद्द हेडक्लार्क हजर. लाल शाई बघून ते उखडले. “ही चूक नाही! अस्सल शब्द आहे!”

“म्हणजे काय हो आजोबा?”

“म्हणजे यांच्या आईचं लग्न झालेलं नव्हतं. रजिस्टरात बापाच्या रकान्यात आडवी रेघ आहे. या डोळ्यांनी पाहिलीय.”

“मग यात काकांनी काय केलं?”

“जन्मले!” हेडक्लार्क म्हणाले, आणि बोलण्याच्या भरात पोरांच्या खुर्चीत बसले. विषय त्यांच्या आवडीचा निघाला होता. “ऐक मुली. आधी हा साधा शब्द होता. लेक आहे बघ त्यात. लोकांनी दात-ओठ खाऊन म्हटला, झाली शिवी. मग कचेरीने ‘अनौरस’ काढला, चांगला संस्कृत. वर्षभरात नळावर त्याचीही शिवी! शेवटी साहेब वैतागले, फॉर्मवर नुसतं ‘इतर’ छापलं. तर माझ्या खिडकीसमोर एक बाई दुसरीला म्हणते, ‘तुझं पोर इतर!’ दोघींनी एकमेकींच्या झिंज्या धरल्या.”

ताई पोट धरून हसल्या. “शब्द बदलले, तोंडं तीच!”

“तोंडं तीच,” हेडक्लार्कांनी मान डोलावली. त्यातलं एक आपलंही, हे जरा उशिरा लक्षात येऊन त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

ताईंनी विचारलं, “काका, खरं आहे हे?”

आता कुलूप काढणं भाग होतं. “खरं आहे ताई. आई शिवणकाम करायची. कोणी रकान्यातल्या रेघेवरून टोचलं की म्हणायची, सरळ आहे ना रेघ? मग झालं.”

“मग आता या चिठ्ठीत काय ठेवू? तुम्हीच सांगा.”

काकांनी कागद हातात घेतला, डोळा बारीक करून फळीसारखा न्याहाळला. “आजोबा माझ्या नोकरीला पाचर मारायला आले होते. पण पाचर वाईट नसते. सांधा ढिला असला की आम्ही तीच मारतो. तुम्ही मध्ये ‘र’ ठोकलात, सांधा घट्ट बसला. आता उपटू नका.”

ताईंनी अर्जावर ‘कायम’ लिहून सही केली.

“समितीत मी विरोध नोंदवीन,” म्हणत हेडक्लार्क ताडकन उठले. खुर्चीही त्यांच्याबरोबर उठली. दारातून डोकावणाऱ्या पोरांनी एकच गिल्ला केला.

“पक्की केलीय हो खुर्ची,” हेडक्लार्क पडेल आवाजात म्हणाले. “ओढा आता मला, लेकुरवाळे!”

कायम नोकरीतलं पहिलं काम म्हणून काकांनी पाय रोवले आणि त्यांना खुर्चीतून उपटून काढलं. खुर्चीला काही झालं नाही.